सत्कारातला पेन ड्राइव्ह

कौशल्य विभागाचे अधिकारी उमाकांत गरसोळे यांच्या सहीशिवाय जिल्ह्यात कुणाला प्रशिक्षणाचा सरकारी निधी मिळत नसे, आणि समोरच्यानं पुरेशी अजिजी केल्याशिवाय त्यांच्या पेनाचं टोपण निघत नसे. आज समोर शमीम तांबोळी बसल्या होत्या. तालुक्यातल्या मुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊन वर्षभर सायबर सुरक्षा शिकवायची, यासाठी त्यांना निधी हवा होता.

"वर्षभर?" साहेब हसले. "अहो बाई, संगणकाला पासवर्ड घातला की झालं. माझ्या संगणकात शिरून दाखवा, आत्ता सही करतो."

"तुमच्याकडे कोण शिरणार, साहेब," असं म्हणत शमीमबाईंनी पिशवीतून शाल आणि नारळ काढून त्यांचा रीतसर सत्कार केला. वर एक पेन ड्राइव्ह ठेवला. "मेळाव्यातलं तुमचं भाषण आहे यात. लोक अजून त्याबद्दल बोलतात."

एवढं काय बोलून गेलो आपण, हे पाहिल्याशिवाय साहेबांना चैन पडेना. खांद्यावरच्या शालीसकट त्यांनी पेन ड्राइव्ह संगणकाला लावला आणि फाइल उघडली. पडद्यावर एकच ओळ आली : 'साहेब, मी आत आले.'

साहेबांचा चेहरा उतरला. "ही शुद्ध फसवणूक आहे, बाई."

"आहेच, साहेब. हा आमचा पहिल्या दिवसाचा धडा. उरलेल्या वर्षासाठीच तर सही मागतेय."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. पण ते कुठल्या सत्कारात मिळालं होतं, हे आठवेपर्यंत टोपण काढायला त्यांचा हात धजेना.