टुणकी काही स्वस्थ बसेना

नळाखाली होतं एक डबकं. केवढं? बशीएवढं! त्यात राहायची एक बेडकी. केवढी? बोटाच्या पेराएवढी! तिचं नाव टुणकी.

टुणकी एका जागी बसेल तर शपथ. इकडे टुणुक. तिकडे टुणुक. पाण्यात डुबुक. की परत टुणुक!

एक दिवस काय झालं? टुणकीनं मारली उडी. डुबुक झालंच नाही. झालं धप्प! डबक्यात पाणीच नाही. नुसता चिखल. आणि तोही चालला वाळत.

टुणकी घाबरली. बेडकीला कोरडं राहून कसं चालेल? पाठ लागली खाजायला. पोट लागलं तडतडायला. तिनं वर पाहिलं.

"नळोबा, नळोबा,
माझं डबकं वाळलं.
तू एक थेंब दे ना!"

नळ म्हणाला, "फुस्स! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकी मला पाणी देईल, तर मी तुला थेंब देईन. तोवर स्वस्थ बस."

स्वस्थ बस म्हणे! टुणकी बसते थोडीच? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली टाकीकडे.

"टाकीमावशी, टाकीमावशी,
माझं डबकं वाळलं.
नळ थेंब देत नाही.
तू नळाला पाणी दे ना!"

टाकी म्हणाली, "ढम्म! वाजवून बघ माझं पोट. रिकामं! मोटर मला भरेल, तर मी नळाला पाणी देईन. तोवर स्वस्थ बस."

स्वस्थ बस म्हणे! टुणकी बसते थोडीच? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली विहिरीवरच्या मोटरकडे.

"मोटरआत्या, मोटरआत्या,
माझं डबकं वाळलं.
नळ थेंब देत नाही.
टाकी पाणी देत नाही.
तू टाकी भर ना!"

मोटर म्हणाली, "खुट्ट! मेल्या उंदरानं माझी वायर कुरतडली. वायरमन बशीरचाचा वायर जोडतील, तर मी टाकी भरीन. तोवर स्वस्थ बस."

स्वस्थ बस म्हणे! टुणकी बसते थोडीच? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली बशीरचाचांकडे. चाचांच्या खांद्यावर वायरचं वेटोळं. कपाळावर घाम.

"बशीरचाचा, बशीरचाचा,
माझं डबकं वाळलं.
नळ थेंब देत नाही.
टाकी पाणी देत नाही.
मोटर टाकी भरत नाही.
तुम्ही वायर जोडा ना!"

चाचा म्हणाले, "कधीच जोडली असती गं बेटी! पण वायर जायची या बोगद्यातून. बोगदा बघ, हा एवढासा. आत दगडच दगड. माझा हात जात नाही. काठी घातली तर काठी अडते. कुमुदताईंची इवलीशी गाडी वायर आत नेईल, तर मी वायर जोडीन. तोवर स्वस्थ बस."

मग टुणकीनंच का नाही नेली वायर? अरे, वायर तिच्याहून जाड! कशी नेणार?

आणि स्वस्थ बस म्हणे! टुणकी बसते थोडीच? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, गेली कुमुदताईंकडे.

कुमुदताई यंत्रं बनवायच्या. खोलीभर चाकं. टेबलभर स्प्रिंगा. जमिनीवर एक दगड, त्याला अडलेली गाडी. केसांत पेन्सिल. आणि तीच पेन्सिल त्या शोधत होत्या.

"कुमुदताई, कुमुदताई,
माझं डबकं वाळलं.
नळ थेंब देत नाही.
टाकी पाणी देत नाही.
मोटर टाकी भरत नाही.
चाचा वायर जोडत नाहीत.
तुम्ही गाडी धाडा ना!"

ताई म्हणाल्या, "कशी धाडू? गाडीच अडते! दगड लागला की खट्ट. मोठी चाकं लावली. खट्ट! आणखी मोठी लावली. खट्ट! मला काही सुचेल, तर मी गाडी धाडीन."

"मग सुचू द्या ना!"

"कसं सुचेल? सकाळपासून चहा नाही गं! चहा मिळेल, तर मला सुचेल."

"मग चहा करा ना!"

"चहाला पाणी हवं. पाणी कुठंय? नळ थेंब देत नाही!"

अरे देवा! टुणकी गरगरली. ताईंना हवा चहा. चहाला हवं पाणी. पाणी देणार नळ. नळ म्हणतो टाकी. टाकी म्हणते मोटर. मोटर म्हणते चाचा. चाचा म्हणतात ताई. आता जायचं तरी कुठं? टुणकीला रडूच आलं. तिकडे चिखल चालला होता वाळत.

"तोवर स्वस्थ बस," ताई म्हणाल्या.

टुणकीनं बसून पाहिलं. एक पाय हलला. दुसरा हलला. नाहीच जमलं! ती उडाली टुणुक! कपावरून टुणुक. पक्कडीवरून टुणुक. गाडी अडली होती ना, त्या दगडावरून टुणुक!

"अगं थांब..." ताई ओरडल्या. आणि ताईच थांबल्या.

दगडाच्या अलीकडे गाडी. खट्ट.
दगडाच्या पलीकडे टुणकी. टुणुक!

ताईंचे डोळे झाले मोठे. त्या जमिनीवर पालथ्या पडल्या. नाक टुणकीच्या नाकाशी. "परत उडी मार बघू!"

सकाळपासून सगळे म्हणाले, बस. ताई म्हणाल्या, उडी मार. टुणकीला कोण आनंद झाला! तिनं पाय दुमडले. पाय दाबले. आणि सोडले. टुणुक!

"दुमडायचं. दाबायचं. सोडायचं," ताई पुटपुटल्या. "चाकं नकोतच! पाय हवेत, पाय!"

चाकं निघाली, खड खड खड. स्प्रिंगा बसल्या, कट कट कट. गाडी उडाली आणि पडली धडाम! ताईंनी स्प्रिंग आवळली. टुणकीनं परत उडी दाखवली. गाडी परत उडाली... टुणुक! गेली दगडापलीकडे!

मग काय?

ताईंनी गाडी धाडली.
गाडीनं वायर नेली, टुणुक टुणुक.
चाचांनी वायर जोडली, खट.
मोटर फिरली, घूं घूं घूं.
टाकी भरली, धो धो धो.
आणि नळ? फुस्स... फुस्स... टप! टप! टप!

ताई धावत आल्या. हातात चहाचं पातेलं. मागून आले चाचा. म्हणाले, "वा ताई, काय डोकं तुमचं!"

"डोकं कसलं चाचा, पाय!" ताई म्हणाल्या. "आणि तेही हिचे!"

पातेलं भरलं. ताईंचा घसा कोरडा. चाचांचाही कोरडा. ताईंनी पातेल्याकडे पाहिलं. मग चिखलाकडे पाहिलं. "आधी टुणकीचं," त्या म्हणाल्या. आणि सगळं पातेलं डबक्यात ओतलं.

डुबुक!

पाठ थंड. पोट थंड. पाण्याबाहेर नुसते दोन डोळे.

नळ म्हणाला, "मिळालं ना पाणी? आता तरी स्वस्थ बस."

"बसू नकोस गं बाई!" ताई म्हणाल्या.

आणि टुणकी काय म्हणाली?

टुणुक!