सात गाड्या आणि नऊ मांजरं

सात गाड्यांत धड गाडी एकच होती, आणि ती ओळखायची होती हात न लावता!

वाईच्या रस्त्यावर आप्पासाहेब खोपड्यांचं जुन्या गाड्यांचं दुकान. माणूस बडा, मिशी त्याहून बडी, तिला वेगळी नंबरप्लेट लागावी एवढी. गिऱ्हाईक यायचं, टायरला लाथ मारायचं, डिकीत डोकं घालायचं, ऑइलचा वास घ्यायचं आणि घरी विचारून सांगतो म्हणून पसार व्हायचं. एक दिवस आप्पासाहेब भडकले. गाडी आहे का बाजारातली म्हैस, म्हणाले. तेव्हापासून त्यांनी पैजच लावली. बॉनेट उघडायचं नाही, चावी फिरवायची नाही, मिस्त्री आणायचा नाही. लांबून बघायचं आणि बोट दाखवायचं. धड गाडी ओळखली तर अर्ध्या किमतीत. चुकलात तर ज्या खटाऱ्याकडे बोट केलं तो पूर्ण किमतीत न्यायचा, आणि परत आणायचं नाव नाही.

तिघं हरले होते. त्यातल्या एका मास्तरांची गाडी त्यांच्या परसात कायमची उभी आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. गाडीपेक्षा कोंबडी बरी चालते, असं मास्तर स्वतः सांगतात.

चौथी आली धोमकडची तुळसा गोळे. वय वीस, लायसन नवंकोरं. ती घरामागच्या खोलीत अळंबी पिकवायची. पाचगणीच्या एका हॉटेलनं सांगितलं होतं, सोमवारपासून रोज सकाळी सातला ताजी अळंबी पोचली पाहिजेत. आणि एसटी पोचायची दहाला, तीही अळंबीवर दोन पोती बटाटे आणि एक आजोबा बसवून. गाडी मिळाली तर हॉटेल मिळणार होतं. खटारा गळ्यात पडला तर पसरणीच्या घाटात अळंबीही गेली आणि दोन वर्षं साठवलेले पैसेही.

निघताना सगळ्या गावानं तिला सल्ले दिले होते. चुलता म्हणाला, किती किलोमीटर पळाली ते बघ. मामा म्हणाला, पत्र्यावर टिचकी मार, रंगाखाली लांबी भरलेली असेल तर आवाज बद्द येतो. शेजारच्या काकूंनी नंबरची बेरीज नऊ येते का बघायला सांगितलं. आईनं चार लिंबं दिली, चाकांखाली ठेवायला. हात लावायचाच नाही म्हटल्यावर चुलता आणि मामा दोघं बाद. राहिल्या काकू. नऊ बेरजेच्या गाड्या निघाल्या तीन!

सकाळचे आठ वाजले होते. थंडी अशी, की चहावाल्यानं कानटोपीवर कानटोपी घातलेली. सहा गाड्या नवरीसारख्या चकाचक, लिंबू-मिरची बांधलेल्या. सातवी कोपऱ्यात, चिखलाच्या रंगाची, दाराला पोचा, बॉनेटवर दंव साचलेलं. तिच्याकडे बघून चहावालासुद्धा हळहळला.

तुळसानं एकच गोष्ट विचारली, की आज यातली एखादी गाडी चालू केली होती का?

"परवापासून एकीलाही किल्ली लावलेली नाही. खंडोबाची आण!" आप्पासाहेब म्हणाले. मिशी मात्र जरा हलली.

तुळसानं चहा मागवला आणि कट्ट्यावर बसली. गाड्यांकडे बघेचना. बघत होती आप्पासाहेबांच्या बायकोच्या मांजरांकडे. वहिनींची नऊ मांजरं होती आणि नऊच्या नऊ त्या वेळी गाड्यांच्या बॉनेटवर झोपली होती. पांढऱ्या गाडीवर तर तिघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. बाकीच्या पाच चकाचक गाड्यांवर एक-दोन, कोपऱ्यातल्या गाडीवर मात्र एकही नाही.

चहा संपवून ती उठली. पांढऱ्या गाडीवरचा जाडा बोका तिनं अलगद उचलला.

"ए पोरी! हात लावायचा नाही!"

"बोक्याला लावला, आप्पासाहेब. बोका विकायला आहे का?"

तिनं बोका कोपऱ्यातल्या गाडीवर सोडला. पाय टेकताक्षणी बोक्यानं चटका बसल्यासारखी उडी मारली, तुळसाकडे शिवी दिल्यासारखं बघितलं आणि पळत जाऊन पांढऱ्या गाडीवर पुन्हा ताणून दिली.

तुळसानं बोट दाखवलं. "ही. कोपऱ्यातली."

आप्पासाहेबांचा चहा मिशीतच राहिला. ती गाडी त्यांची स्वतःची होती. तिच्याकडे कोण कशाला बघतंय, म्हणून बिनधास्त तिथं ठेवलेली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या मांजरांनी. थंडीत मांजर ऊब सोडत नाही. सहा बॉनेटं गरम आहेत, म्हणजे सहा गाड्या पहाटे चालू करून तापवल्यात. थंड असताना त्या खोकतात, धूर काढतात, ते गिऱ्हाइकाला दिसायला नको ना! हिला तापवायची तुम्हाला गरजच वाटली नाही. खोटं असेल तर चावी फिरवा."

आप्पासाहेबांनी किल्ली काढली. दंव साचलेली गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि मांजरीसारखी घुरघुरायला लागली.

मग आप्पासाहेब म्हणाले, उद्यापासून मांजरं आत कोंडून ठेवणार.

"ठेवा की. पण वहिनींना आधी विचारा," तुळसा म्हणाली. "नाहीतर उद्या बॉनेटवर तुम्हीच झोपलेले दिसाल."

आतून वहिनींचं हसू आधी ऐकू आलं. मग आप्पासाहेब हसायला लागले, ते असे की मिशीतला चहा चहावाल्याच्या दोन्ही कानटोप्यांवर उडाला. ठरल्याप्रमाणे गाडी अर्ध्या किमतीत दिली, वर टाकी फुल करून. शिवाय म्हणाले, आता मी गाड्या खरेदीला जाईन तेव्हा तू सोबत चल, म्हणजे मला कुणी फसवणार नाही.

"मला सोमवारपासून वेळ नाही, आप्पासाहेब. बोक्याला न्या!"

चाकांखाली लिंबं ठेवली. चारही फटाफट फुटली आणि तुळसा गेली. पुढच्या आठवड्यात आप्पासाहेब साताऱ्याला गाडी बघायला निघाले, तेव्हा त्यांच्या काखेत तो जाडा बोका होता.