रंगारी आळीची ओ

एकदा एका जुन्या शहरात एक वृद्ध गृहस्थ होते, आणि घराचं काम पुरं झालं हे त्यांना डोळ्यांनी पाहून कधी पटत नसे. कानांनी ऐकावं लागे.

लोक त्यांना अप्पा म्हणत. मोडकळीला आलेल्या आळ्या पुन्हा उभ्या करायच्या, पण तिथल्या माणसांना देशोधडीला लावायचं नाही, हे व्रत घेऊन त्यांनी एक संस्था चालवली होती. घरमालक कंटाळून आळी विकायला काढी, ती संस्था विकत घेई. देणगीदारांच्या पैशातून चुना-विटा येत, आणि नवं झालेलं घर ज्याचं त्यालाच जुन्या भाड्यात परत जाई. नफा कुणाच्या खिशात जात नसे. असल्या कामात पैसा कायम तोकडा पडतो हे सांगायला नकोच.

अप्पांची एक रीत होती. काम संपलं की ते भर दुपारी त्या घरासमोर जाऊन उभे राहत, कारण ज्याला घर आहे तो त्या वेळी जेवायला घरात असतो. मग घरच्या थोरल्या माणसाला नावानं हाक मारत. आतून "ओ" आली, पाठोपाठ तोंडातला घास गिळत कुणी उंबऱ्यावर आलं, की अप्पा सही करत. त्याआधी ठेकेदाराला शेवटचा हप्ता नाही.

गवंडी हसायचे. "अप्पा, भिंत ओळंब्यात आहे का ते बघा की!"

"भिंत तू बघ बाबा," अप्पा म्हणत. "मी घर बघतो."

त्यांची शिष्या वैजयंती. शिकलेली, हिशेबाला चोख, माणसांची माया असलेली. अप्पांच्या मागे संस्था तीच सांभाळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही होतं. रंगारी आळीचं काम निघालं तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, एकेक घर घ्यायचं, त्या घरच्यांनी शेजारच्यांकडे पथारी टाकायची, मग पुढचं घर. असं करत बसलो तर आपला जन्म जाईल. सगळी आळी एकदम रिकामी करू. माळावर पत्र्याच्या खोल्या बांधू, तोवर लोक तिथं राहतील. एकच ठेका द्यायचा. पाचवा हिस्सा पैसा वाचतो."

अप्पांनी तिचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी मान डोलावली.

रंगारी आळी रिकामी झाली. चुली, रंगाच्या कढया, वाळत घालायच्या दोऱ्या, म्हाताऱ्या माणसांच्या बाजा, सगळं टेम्पोत भरून माळावर गेलं. काम मात्र ठरल्यासारखं कुठं होतं? लाकूड महागलं, एक मोठा देणगीदार फिरला, आणि फरश्या आणि मोऱ्या तेवढ्या राहिलेल्या असताना संस्थेची तिजोरी रिकामी झाली. दारांना कुलपं घालून घरं उभी राहिली. माळावरच्या माणसांना निरोप जाई: थोडं थांबा.

अशात एक व्यापारी आला. माणूस वाईट नव्हता हो, हसतमुख होता. म्हणाला, "ही आळी मला भाड्यानं द्या. खाली कॅफे काढतो, वर पाहुण्यांच्या खोल्या. तीन वर्षांचं भाडं आगाऊ मोजतो. तुमचं राहिलेलं काम त्यात होईल, वर पुढच्या आळीची सोय."

वैजयंतीनं दोन दिवस आकडेमोड केली. संस्था पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. देणगीदारांपुढे हात पसरायचे नव्हते. आणि रंगारी लोक? त्यांना पुढच्या टप्प्यात. हा शब्द तिनं मनातल्या मनात इतक्यांदा म्हटला, की तो तिला खरा वाटू लागला.

व्यापाऱ्याला आळी दाखवायला ती नेमकी दुपारी गेली. ऊन असं, की सावल्या पायाखाली शिरलेल्या. नवा चुना डोळ्यांत खुपत होता. कुत्रं नाही, कावळा नाही. व्यापारी खुशीत होता. "तुमचे अप्पा म्हणे दारात उभे राहून हाका मारतात? मारा की एक, बघू तरी!"

वैजयंती हसली. समोरचं घर चंद्राक्काचं होतं, आळीतली सगळ्यांत खट म्हातारी. तिनं गमतीनं हाक मारली, "चंद्राक्का!"

"ओ. आले."

व्यापाऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं. दाराला कुलूप होतं, आणि किल्ली वैजयंतीच्या मुठीत. तिनं दार उघडलं. आत गिलाव्याचा ओला वास. जमिनीवर चुन्याची भुकटी सारखी पसरलेली, त्यावर पाऊल उमटलेलं नाही.

तिनं शेजारच्या दाराशी जाऊन हाक मारली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "भिवामामा!"

"ओ," आतून आली. जड, खोकल्यातून निघालेली. त्यापुढच्या दारातूनही आली, आणि त्याच्या पुढच्याही. थोरल्यांच्या, बायकांच्या, ज्याच्या नावानं हाक त्याची ओ. घरं सगळी कुलूपबंद.

व्यापाऱ्यानं रुमालानं मान पुसली. "जुनी घरं आहेत. घुमतात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "उदकशांत करून घ्या. खर्च माझ्याकडे लागला."

त्याच पावली वैजयंती माळावर गेली. मनात एकच धास्ती. पण चंद्राक्का पत्र्याच्या सावलीत लसूण सोलत बसली होती, आणि जिभेची धार जागच्या जागी होती.

"कोण, बाईसाहेब? वाट चुकलात का?"

"आक्का, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"का? मेले असं कुणी सांगितलं? सांगणाऱ्याच्या तोंडात साखर पडो, इथल्या पत्र्यापेक्षा ते बरं." मग लसणाची पाकळी नखानं टोकरत ती म्हणाली, "भिवा गेला. आखाडात. घर बघायचंय म्हणत होता. तुमच्या हापिसात निरोप धाडला होता आम्ही."

निरोप आला होता. वैजयंतीनं वाचलाही होता. त्या आठवड्यात तिची व्यापाऱ्याशी पहिली बैठक होती.

इतक्यात आतून सुनेनं हाक मारली, "आत्याबाई!" चंद्राक्का उठली, गुडघ्याला हात लावून आत गेली. पण तोंडातून अक्षर नाही. सून बाहेर येऊन हळूच म्हणाली, "बघितलंत? आधी मला वाटलं, रुसल्यात. बोलतात, भांडतात, सगळं करतात. पण हाकेला ओ म्हणून देत नाहीत. आणि त्याच नव्हे हो ताई. इथं कुणालाच येत नाही. मी स्वतः तोंड उघडते, आणि नुसता वारा निघतो."

वैजयंती परतली ती सरळ अप्पांकडे. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "उदकशांत करून घेऊ का अप्पा? व्यापारी खर्च द्यायला तयार आहे."

अप्पांनी तिच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला घेऊन रंगारी आळीत गेले, चंद्राक्काचं घर उघडलं आणि म्हणाले, "आत जा." ती आत गेली. अप्पांनी दार ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

गुरूनं असं करावं? वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप चुलीच्या जागेपाशी पडली होती, आणि तिच्यात चुन्याची धूळ तरंगत होती.

बाहेरून अप्पांची हाक आली. "चंद्राक्का!"

"ओ. आले."

तिच्या कानाशी. आवाजात गुडघ्याचं कण्हणंसुद्धा होतं. तिरिपेतली धूळ बाजूला झाली, कुणी उठून वाट काढावी तशी, आणि ती वाट वैजयंतीला वळसा घालून दारापर्यंत गेली. दाराशी थांबली. कडी हलली नाही. थोड्या वेळानं धूळ पुन्हा होती तशी झाली.

मग अप्पांनी हाक मारली, "वैजू!"

तिनं तोंड उघडलं. छाती भरून श्वास घेतला. काही उमटलं नाही. अप्पांनी पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. ती दारावर मुठी आपटत होती. लाकूड वाजत होतं, पण गळा कोरड्या विहिरीसारखा.

अप्पांनी दार उघडलं. तिला उंबऱ्यावर बसवलं, स्वतःही शेजारी बसले, आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबले.

"माणूस उचलून नेता येतो, वैजू," ते म्हणाले. "टेम्पोत बसवला की झालं. पण त्याची ओ घराला लागलेली असते, ती सामानात बांधता येत नाही. आणि एकाची ओ जिथं अडकून पडली आहे तिथं दुसऱ्याची उमटत नाही. व्यापाऱ्याचे पाहुणे येतील, खातील, झोपतील, जातील. भाडं एक महिना चुकणार नाही. पण आळीत कुणी संकटात हाक मारली, तर ओ देणारं जिवंत माणूस एकही नसेल. ही आळी आपण वसवली म्हणायची, की उठवली?"

"पण पैसा, अप्पा?" तिला आता आवाज फुटला होता. "पैशाशिवाय त्यांना आणायचं कसं?"

"पैसा लागतोच. मी काही बैरागी नाही. पण तो कुणासाठी आणला हे विसरून वाचवला, की असा महाग पडतो. वाचवण्याचं तुझ्या मनात आलं. मान मी डोलावली. दोघं मिळून भरू."

संस्थेची हमरस्त्यावर दुमजली कचेरी होती, एका देणगीदारानं प्रेमानं दिलेली. अप्पांनी त्या दात्याची परवानगी आणली आणि कचेरी विकायला काढली. घेतली कुणी? त्याच व्यापाऱ्यानं. त्याचा कॅफे तिथं झकास चालतो म्हणतात. आणि संस्थेचं टेबल-खुर्ची-कपाट गेलं माळावर, पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तिथं बसल्यावर वैजयंतीला कळलं, की "थोडं थांबा" या दोन शब्दांना केवढा उकाडा असतो.

फरश्या पडल्या, मोऱ्या झाल्या. रंगाला पैसे उरले नाहीत, म्हणून रंग राहिला. "आम्हाला रंग शिकवता होय!" म्हणून रंगारी हसले, आणि माणसं घरी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आळीत उभे राहिले, कागद घेऊन. वैजयंतीला म्हणाले, "आज तू मार."

तिनं हाक मारली, "चंद्राक्का!"

काही नाही. आळीतली सगळी दारं जणू श्वास धरून होती. मग आत एक पातेलं दणकन पडलं.

"ओ! आले गं बाई, आले! हातात भाकरी आहे, जीव घेतेस का?"

म्हातारी पिठाच्या हातानं बाहेर आली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दारात थबकली. अप्पांनी सही केली. मग पुढचं दार, त्यापुढचं. दर हाकेला एक ओ, आणि दर ओ-मागोमाग एक माणूस. सून तर न बोलावताच तीनदा "ओ" म्हणाली.

भिवामामाचं घर तेवढं राहिलं. त्याला मागंपुढं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. वैजयंती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं सवयीनं तोंड उघडलं.

चंद्राक्कानं तिचं मनगट धरलं. "त्याला नको हाक मारू."

"का आक्का?"

"तू हाक मारलीस की त्याला उठावं लागतं गं. दारापर्यंत यायचं, आणि पुढं यायला अंग नाही. जितेपणी बोलावलं नाहीस, आता कशाला उठवतेस?"

वैजयंतीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि तो एक कागद कोराच ठेवला.

तिनं ओठांवर आलेलं नाव गिळलं. पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी, आवाज न करता त्या दारावरून पुढं गेली. पुढच्या आळीचं काम तिनं एकेक घर घेऊन केलं.