राजाच्या गादीवरचं घोंगडं

"ज्यानं राजवाड्याला आधी माल दिलाय, त्याचाच माल राजवाडा घेईल!"

सोनगिरीच्या मुकुंदराजांनी हा नियम काढला, आणि तोही कशासाठी? तर लहान कारागिरांना मोठं गिऱ्हाईक मिळावं म्हणून! राजे दयाळूच फार. कारागिरांच्या भल्यासाठी त्यांनी मेजवानीही घातली. दिवाणजी जेवले, सरदार जेवले, राजवाड्याला सगळा माल पुरवणारे गुमानशेट तर दोनदा जेवले. कारागिरांना बोलवायचं तेवढं राहून गेलं.

मेंढवाडीचे विणकर दरबारात उभे होते, खांद्यावर आपापली घोंगडी टाकून. फौजेला हजार घोंगडी हवीत, ही दवंडी ऐकून ते आशेनं आले होते. त्यांचा माल गुमानशेट मातीमोल भावानं उचलायचे, आणि यंदा तर त्याच्याही निम्मा भाव सांगत होते. इथून रिकाम्या हातानं परतायचं म्हणजे गावातले माग बंदच पडणार.

त्यांच्यातली धुरपा नावाची तरणी विणकरीण पुढं आली.

"महाराज, पहिल्यांदा माल घेतल्याबिगर आमी आधी दिलेला कसा असंल?"

"ते आम्हाला काय ठाऊक?" राजे म्हणाले. "मदतही आम्हीच करायची आणि विचारही आम्हीच करायचा?"

"अनुभव घेऊन या!" दिवाणजी गरजले.

"त्यो कुठं मिळतो, दिवाणजी?"

"राजवाड्याला माल दिला की मिळतो!"

गुमानशेट गालात हसले. "पोरी, महाराजांच्या गादीवर घोंगडं अंथरलंय ना, ते आमच्या कारखान्यातलं! असा माल तुमच्यानं व्हायचा नाही."

राजांनी घोंगड्यावरून हात फिरवला. "खरंय! ऊब अशी, की उठवत नाही." मग धुरपाकडं पाहून म्हणाले, "फार बोलतेस तू! दरबाराबाहेर पाऊल न टाकता, तुमच्या गावानं आम्हाला आधी माल दिलाय हे दाखव. दाखवलंस तर हजार घोंगडी तुमची. नाहीतर तुझा माग आमच्या मुदपाकखान्यात जळणाला!"

बापामागं धुरपाच्या घरात त्या मागाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं मुजरा केला. इतकी वाकली, आणि इतका वेळ, की दिवाणजींना वाटलं हिला झोप लागली. ती उठली ती हसतच.

"दाखवते. पण महाराजांना जरा उठावं लागंल."

"आम्ही? उठायचं?"

"पुराव्यावर बसलाय, सरकार!"

राजे उठले. धुरपानं गादीवरून लोंबणारा घोंगड्याचा कोपरा उचलून दाखवला. तिथं तांबड्या दोऱ्यानं कोंबडीचं पाऊल विणलं होतं. मग तिनं खांद्यावरच्या आपल्या घोंगड्याचा कोपरा शेजारी धरला. तेच पाऊल!

"आमच्यात घोंगडं मागावरनं उतरवायच्या आधी कोपऱ्यात घरची खूण विणत्यात. खोट निघाली तर ते आमच्याच दारात परत यावं म्हणून. आमच्या घरची ही!"

"असेल एखादं चुकून आलेलं!" गुमानशेटांनी घाम पुसला.

राजे आता हट्टालाच पेटले. त्यांनी कोठीतली सारी घोंगडी आणवली. एकेक कोपरा उलटला, तसा एकेक विणकर खांद्यावरची खूण दाखवत पुढं येऊ लागला. कुणाच्या दोन गाठी, कुणाची बोटभर पिवळी रेघ! शेटजींनी इतकी वर्षं माल विकला, पण घडी कधी उलगडून पाहिली नव्हती. माल पाहण्याचं काम हलक्या लोकांचं!

"शेटजी, तुमचा कारखाना सापडला हो!" राजांनी डोळे वटारले. मग पुन्हा धुरपाकडं वळले. "आम्ही रोज इथं बसतो, आम्हाला खूण दिसली नाही. तुला कशी दिसली?"

"मुजऱ्याला वाकलं की तेवढंच दिसतं, महाराज. तुमी कवा कुणापुढं वाकलाय?"

दिवाणजींनी कानांवर हात ठेवले. राजे मात्र खो खो हसत गादीवर कोसळले. "हजार घोंगडी मेंढवाडीची! आणि आमच्यापुढं वाकायचं नाही, हे तुला वेगळं बक्षीस! या लबाडाला काय शिक्षा देऊ, बोल!"

"शिक्षा कशाला? माल गावातनं वाड्यावर आणायला गाडीवान लागंल की. नियम आपलाच हाय, ज्याला आधीचा अनुभव त्यालाच काम. शेटजींशिवाय हाय का कुणाला?"

राजे इतके हसले, की या वेळी दिवाणजींनाही नाइलाजानं हसावं लागलं. गुमानशेट गाडी जुंपायला निघाले.