परत फिरणारा धूर

"पण बाबा, आपलाच धूर परत आपल्याच नाकात? हा कुठला न्याय?"

मठातले बाबा कोकमाच्या साली उन्हात पसरत होते. मान वर न करता ते एकेक साल उलटी करत राहिले.

"नाही, मला खरंच कळत नाही," वृषालीबाई म्हणाल्या.

न कळणारं फार थोडं असतं बाईंच्या आयुष्यात. चिपळूणच्या बाजारपेठेत नवऱ्याबरोबर त्यांचं औषधाचं दुकान. 'ही गोळी जेवणानंतर, आणि जेवण म्हणजे नुसता चहा नव्हे' हे अख्ख्या गावाला ठणकावून सांगायची सवय. त्यामुळे समोरच्याने उत्तर दिलं नाही की या तोच प्रश्न पुन्हा विचारतात.



मठाच्या अंगणात बाईंची पांढरी डिझेल गाडी आ वासून उभी होती. बॉनेट उघडं, आतून जळक्या तेलाचा वास. आणि समोर, अगदी नाकासमोर, कुंभार्ली घाट.

निघाल्या होत्या कराडला, मुलाकडे. पहिल्याच वळणावर गाडीने मान टाकली. पाय दाबावा तर इंजिन नुसतं घुसमटतंय, मागे काळ्या धुराचा लोट, पुढे काचेखाली इंजिनाचा पिवळा दिवा. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

"ताई, ही काय वर चढत नाही. परत फिरा. खाली मठात बाबा आहेत. साधू व्हायच्या आधी ट्रकवर होते. संसार सोडला, पण हत्यारं नाही सोडली."

बाबांनी बॉनेटखाली डोकं घातलं होतं आणि एवढंच म्हणाले होते, "ईजीआर अडकलाय."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या होत्या. माहीत नसायला काय झालं? मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की नवरा म्हणाला, आता दुकानावर पाटी बदलू या. "इंजिनातून निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडते ती झडप. तिला काजळी धरते. मग ती धड उघडत नाही की मिटत नाही."

"मग माझ्याकडे काय काम?"

बाईंनी पर्समधून पत्र्याची एक चकती काढली. गॅरेजवाल्याने दिलेली.

"ही मध्ये बसवायची. धुराची वाटच बंद. गाडी मोकळी! आमचे हे नको म्हणाले, नियमात बसत नाही म्हणून. पण आज हे गाडीत नाहीत."

बाबांनी चकती उलटीपालटी करून बघितली.

"आणि धूर?"

"बाहेर जाईल."

"कुणाकडे?"

"...मागे जो कुणी असेल त्याच्याकडे."

बाबा उठले, ओसरीवर गेले. लोणच्याच्या बरणीवर चकती ठेवून बघितली. नेमकी बसली. ती तिथेच ठेवून ते परत येऊन कोकमांपाशी बसले.

तेव्हापासून बाई न्याय मागत होत्या.

"धूर केला कुणी?" बाबांनी अखेर विचारलं.

"इंजिनाने."

बाबांनी आणखी एक साल उलटी केली.

बाईंना पुढचा प्रश्न हवा होता.

"बरं, मग साफ तरी करा. मला संध्याकाळच्या आत पोचायचंय."

"इंजिन गार होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

"हात लावून बघ."

बाईंनी हात लावला. "आई गं!"

"अजून नाही झालं."

बाई अंगणात फेऱ्या मारू लागल्या. तुळशीपर्यंत जायचं, परत गाडीपर्यंत यायचं. फोन बघायचा, पर्समध्ये टाकायचा, लगेच परत काढायचा. मठातलं मांजर त्यांच्याबरोबर थोडं चाललं आणि कंटाळून झोपलं.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला वाट बघायला सांगणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला थांब म्हणणं. पण खरं सांगायचं तर बाईंना घाई होती पोचायची, आणि भीतीही होती पोचायचीच.

निहार, त्यांचा एकुलता एक. फार्मसी अर्ध्यात सोडून कराडला एका बेकरीत भट्टीवर कामाला राहिला. गणपतीत घरी आला तेव्हा सगळं गोत जमलं होतं. त्या भरल्या पंगतीत बाई त्याला काहीतरी बोलल्या. पोराने हातातलं मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि तो उठला. तेव्हापासून बापाचा फोन घेतो, आईचा घेत नाही.

आज त्याची स्वतःची बेकरी उघडायची होती. संध्याकाळी भट्टी पेटणार. निरोप बापाला आला. आईचं नाव त्यात नव्हतं.

बाप सकाळच्या एसटीने गेला. बाई म्हणाल्या, मी मागून गाडीने येते. एकटीच. म्हणजे मधूनच परत फिरावंसं वाटलं तर कुणी बघायला नको. याआधीही एकदा त्या अशाच निघाल्या होत्या. पायथ्याशी पिवळा दिवा लागला म्हणून परत फिरल्या आणि त्यांना, देव माफ करो, बरंच वाटलं होतं.

"झालं असेल आता," बाबा म्हणाले. त्यांनी पाना पुढे केला.

"मी?"

"माझे गुडघे गेलेत, गो बाय. तू वाक."

बाईंनी ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला आणि वाकल्या. बाबा कोकमांपाशी बसूनच सांगत होते. आधी वायरचा प्लग काढ. ओढू नको, दाबून काढ. आता बोल्ट. सुटत नाही? त्याला शिव्या देऊ नको, तेल दे.

झडप हातात आली. आत बघून बाईंनी नाक मुरडलं. करपलेल्या पुरणाच्या पातेल्याचं बूड बरं, असा काळा चिकट थर.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"खरवडू नको. झडप बसते ती जागा चरली, तर ती कधीच नीट मिटायची नाही."

"मग निघणार कसं हे?"

बाबांनी झिजलेला टूथब्रश आणि स्प्रेचा डबा सरकवला. "भिजव. थांब. मग हळू घास. आणि झडपेच्या मोटरच्या अंगाला थेंब जाऊ देऊ नको."

भिजवणं जमलं. थांबणं... बरं, तेही थोडं जमलं. हळू काही जमेना. बाई घासत सुटल्या. काळे शिंतोडे मनगटावर, गालावर, मोतिया रंगाच्या साडीवर. आणि हात चालू लागला तसं तोंडही.

"तुम्हीच सांगा बाबा, आईने बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? मी काय शत्रू आहे? त्याच्यासाठीच जीव तुटतो ना? एक वाक्य बोलले मी. एक! त्याचा एवढा राग?"

"काय बोललीस?"

बाईंचा ब्रश थांबला. मग जोरात चालू झाला.

"म्हटलं, तीन पिढ्या आम्ही माणसं जगवली आणि तू पाव विकणार. तुझ्यामुळे गावात मान खाली घालायची वेळ आली."

बाबांनी कानाला हात लावला.

"म्हातारा झालो. परत सांग."

"म्हटलं..." बाईंनी आवाज चढवला, पण तो अर्ध्यातच खाली आला. "तीन पिढ्या आम्ही माणसं जगवली. आणि तू पाव विकणार. तुझ्यामुळे... मान खाली."

"शेवटचं नाही कळलं. परत."

बाईंनी तोंड उघडलं.

...

पावशा कुठेतरी ओरडत होता. बाबांनी कान पुढे करून ठेवला होता, एखाद्या गिऱ्हाइकासारखा, ज्याला औषध कधी घ्यायचं ते कळलेलं नाही.

बाईंनी तोंड मिटलं. गालावरचं पुसायला गेल्या आणि तिथे आणखी काळं झालं.

"झडप हलते का बघ," बाबा म्हणाले.

बाईंनी अंगठ्याने दाबून बघितलं. टक. सोडलं. टक.

मग कितीतरी वेळ त्या नुसत्याच दाबत आणि सोडत राहिल्या.

बाबांनी ट्रंकेतून नवं पॅकिंग शोधून दिलं. बाईंनी झडप बसवली, बोल्ट आवळले, प्लग लावला. गाडी सुरू केली. थोडी खोकली, मग एका लयीत घुमू लागली. पिवळा दिवा मात्र तसाच.

"दिवा आहे अजून!"

"असू दे. त्याचा विश्वास बसायला वेळ लागतो. तू रस्त्याकडे बघ."

बाई गाडीतून उतरल्या. मान वर करून घाटाकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग साडीकडे.

"मी काय म्हणते बाबा, आज नकोच. गाडी चिपळूणला नेते. आमचा गॅरेजवाला मशीन लावून एकदा बघेल, दिवा घालवेल. मनाची खात्री झाली की उद्या-परवा..."

"ही गाडी फिरते कुठे?"

"कुठे म्हणजे? घर ते दुकान. दुकान ते भाजी. शनिवारी मारुती."

"लांब?"

"अशा गाडीला लांब कोण नेईल? धड झाली की नेणारच आहे घाटावर."

"घाटावर जात नाही, काजळी जळत नाही, म्हणून ती धड नाही."

"अहो, धड नाही म्हणून जात नाही!"

"मग बस," बाबा म्हणाले. त्यांनी कोकमांच्या चटईचा कोपरा सरळ करून बाईंना जागा करून दिली.

बाई बसल्या नाहीत. चटईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. गाडी घुमत होती.

एकदा तुळशीपर्यंत गेल्या. परत आल्या.

"...चढेल?"

"तिसऱ्या गिअरात ने. घाई करून चौथा टाकू नको. इंजिन ओरडेल, ओरडू दे. मागे काळं जाईल थोडं. पोटातलं जुनं असतं ते. भिऊन पाय काढू नको."

बाईंनी मान हलवली. पर्स उचलली, ठेवली, परत उचलली. तेवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत काळे. नखांत काळं, बांगड्यांत काळं.

"थांबा, हात धुते. आणि ही साडी... कशी दिसतेय मी! घरी जाऊन आंघोळ करते, साडी बदलते आणि मग सरळ—"

बाबा नळावर गेले. जराशी गळणारी तोटी घट्ट आवळली आणि नळाच्याच कट्ट्यावर मांडी घालून बसले.

"बाबा, पाणी!"

बाबांनी डोळे मिटले.

"अहो, असं काय करता? त्याच्या दारात चार माणसं असतील. सगळं स्वच्छ, पांढरं. पोरासमोर असे काळे हात घेऊन उभी राहू?"

बाबांनी एक डोळा उघडला.

"त्याच्याकडे असेल की पाणी."