तेलाच्या नळीवरची पट्टी

समुद्राकाठच्या एका गावात वासुदेव नावाचा माणूस झाडं छाटण्याचं यंत्र सांभाळत असे. गावाला चिकूच्या जुन्या बागा होत्या. झाडं इतकी वाढली होती की फांदीत फांदी अडकून आत ऊन शिरायचं नाही आणि फळ बारीक धरायचं. पूर्वी माणसं कमरेला कोयता लावून शेंड्यापर्यंत चढत. चार-दोन वर्षांत कुणीतरी वरून पडे आणि तो पुन्हा नीट चालत नसे. म्हणून बागायतदारांच्या सोसायटीनं हे यंत्र आणलं होतं.

यंत्र दिसायला साधं होतं. जमिनीवर एक पंप. पंपातून निघालेली जाड रबरी नळी. नळीच्या टोकाला लांब दांडा आणि दांड्याच्या शेंड्याला कात्री. पंप सुरू झाला की नळीतल्या तेलावर जबरदस्त दाब येई, आणि त्या दाबानं वरची कात्री मनगटाएवढी फांदी सहज तोडी. माणसाचे पाय जमिनीवरच राहत.

हे यंत्र शिकायला वासुदेव दोन दिवस शहरात जाऊन आला होता. काम तो मनापासून करी. संध्याकाळी पात्यांना लागलेला चिकूचा चीक रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढी, पात्यांना धार लावी, तेल किती आहे ते बघी. विजेच्या तारेजवळची फांदी तो कुणाला तोडू देत नसे. वायरमन येऊन लाइन बंद करेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवी. तीन वर्षांत यंत्रानं कुणाला ओरखडाही काढला नव्हता आणि एक दिवसही काम अडलं नव्हतं. लोक वासुदेवला मानत. त्याचा त्याला अभिमान होता, आणि हळूहळू तो अभिमान जपणं हेच त्याला मोठं काम वाटू लागलं होतं.

दांडा धरायचं काम लहानूचं होतं. लहानू जवळच्या पाड्यावर राहायचा. तरुणपणापासून तो झाडावर चढत आला होता. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे तो झाडाभोवती एक फेरी मारून सांगे, आणि त्याचं सहसा चुकत नसे. हेल्मेट आणि चष्मा घातल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, तुटणाऱ्या फांदीखाली उभं राहायचं नाही, हे वासुदेवनं त्याला शिकवलं होतं. नळीचं मात्र काहीच शिकवलं नव्हतं. नळी आपण बघतोच, त्याला ते कशाला, असं वासुदेवला वाटलं होतं.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला होता. दोनच बागा राहिल्या होत्या. त्यातली एक सोसायटीचे चेअरमन भास्करकाका यांची होती. एका संध्याकाळी नळी गुंडाळताना वासुदेवच्या हाताला ती एका जागी खरखरीत लागली. पंपाच्या कडेला घासून घासून वरचं रबर झिजलं होतं आणि आतली तारेची जाळी दिसत होती.

अशी नळी त्याच दिवशी काढून टाकायची, हे त्याला शिकवलेलं होतं. पण नवी नळी मागवली तर यायला आठवडा लागणार होता. तोवर पाऊस लागेल, काकांची बाग राहील, आणि लोक म्हणतील की वासुदेवचं यंत्र ऐन वेळी बसलं. त्यानं खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि त्या जागेवर सात-आठ वेढे घट्ट दिले. वरून हात फिरवला. जागा गुळगुळीत लागली.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," तो स्वतःशी म्हणाला. नव्या नळीसाठी फोन करायचाही त्यानं पुढं ढकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करकाकांच्या बागेत काम सुरू झालं. दहाच्या सुमाराला कात्री अडखळू लागली. फांदी अर्धी तोडून थांबायची.

"दादा, दाब कमी येतोय," लहानू म्हणाला. "नळीतून तेल जातंय कुठून तरी. इथला पाचोळा ओला झालाय."

वासुदेव पंपाशी वाकला होता. पंप बंद करायला त्यानं हात पुढं केला, तोवर लहानूनं दांडा झाडाला टेकवला होता आणि गळती कुठं आहे ते बघायला डावा पंजा नळीवरून फिरवायला सुरुवात केली होती. पट्टीपाशी येताच त्यानं हात झटकन मागं घेतला.

"काय झालं?" वासुदेवनं विचारलं.

"काही नाही. मुंगी चावल्यासारखं झालं."

वासुदेवनं पंप बंद केला आणि जवळ जाऊन बघितलं. लहानूच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका होता. रक्ताचा एकच थेंब आला होता. लहानूनं तो सदऱ्याला पुसला.

वासुदेवनं तो ठिपका ओळखला. शहरात शिकताना त्याला एका हाताचं छायाचित्र दाखवलं होतं. दाबाखालचं तेल केसाएवढ्या भोकातून सुईसारखं बाहेर येतं, कातडी भेदून आत शिरतं आणि बोटाच्या आतल्या आत पसरत जातं. वरून काही दिसत नाही. सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून गळती कधी हातानं शोधायची नाही, लांबून पुठ्ठा धरून बघायची. आणि कुणाला असं लागलंच, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. तडक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचं. शिकवणाऱ्यानं हे तीन वेळा सांगितलं होतं.

हे सगळं वासुदेवला त्या क्षणी आठवलं. पण ते सांगायचं तर पट्टीचंही सांगावं लागणार होतं.

भास्करकाका झाडांमधून चालत आले. "काय रे, लागलं का?"

"काटाबिटा असेल, काका," लहानू म्हणाला.

वासुदेव गप्प राहिला. ठिपका तर एवढासा आहे, तेल आत गेलंच नसेल, असं तो मनाला समजावू लागला. नळी बिघडली, आज छाटणी होणार नाही, एवढंच त्यानं काकांना सांगितलं. लहानू पडलेल्या फांद्या ओढायला गेला. तेव्हा वासुदेवनं नळीतला दाब सोडला, नळी पंपापासून आणि दांड्यापासून सोडवली, तिची गुंडाळी केली आणि ती फांद्यांच्या ढिगाखाली सारून दिली.

दुपारी लहानूची बायको सुकरी जेवण घेऊन आली. तिघं सावलीत बसले. लहानूला भाकरी मोडता येईना. त्याचं बोट ताठ झालं होतं आणि रंग उडून पांढुरकं पडलं होतं. सुकरीनं त्याच्या हातातून भाकरी घेतली आणि तुकडे करून पुढं ठेवली.

"दुखतंय का?" वासुदेवनं विचारलं.

"मघाशी नव्हतं. आता ठणका कोपरापर्यंत येतोय."

वासुदेवनं आपला डबा उघडला होता. घास न घेताच त्यानं झाकण लावलं. छायाचित्रातला तो हात त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोनदा त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा काहीतरी दुसरंच बोलला.

अखेर दोनच्या सुमाराला भास्करकाकांनी त्या तिघांना गाडीत बसवलं आणि गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून बघितला. "कशानं लागलं?"

"काटा असणार," लहानू म्हणाला. "बागेत काटे असतातच."

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन भरायला घेतलं. गोळ्या लिहून दिल्या. "दोन दिवसांत सूज उतरेल," ते म्हणाले.

सुकरीचं समाधान झालं नाही. ती दाराशी उभ्या असलेल्या वासुदेवकडे वळली. तिच्या मनात संशय नव्हता. यंत्राचं त्याला कळतं, एवढंच तिला माहीत होतं. "दादा, तुम्ही जवळच होता ना? काय लागलं याला?"

वासुदेवनं तिच्याकडे बघितलं. तिनं विचारलं ते टाळायला त्याला खोटं बोलावं लागलं असतं, आणि आतापर्यंत तो फक्त गप्प राहिला होता. त्या दोहोंत काही अंतर आहे, असं तो सकाळपासून स्वतःला सांगत आला होता. आता ते अंतर त्याला दिसेना.

"डॉक्टर, काटा नाही तो," तो म्हणाला. "यंत्राच्या नळीला भोक होतं. दाबाखालचं तेल हातात गेलंय. नळी झिजलेली होती आणि मला ते ठाऊक होतं. मी वरून पट्टी गुंडाळली होती."

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं.

"किती वाजता लागलं?"

"दहाला."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वादोन झाले होते. "तेल आत गेलं की काय होतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

डॉक्टरांनी फोन उचलला आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तयार राहायला सांगितलं. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता निघा. तेल कुठलं होतं ते तिथं विचारतील. डबा सोबत न्या."

बाहेर भास्करकाकांनी वासुदेवचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "तेल गेलं म्हणालास, ते बरं केलंस. पण तिथं पट्टीचा विषय काढू नकोस. नळ्या काय, अचानकही फुटतात. सोसायटीचं नाव जाईल. तुझंही जाईल."

"काका, अचानक काही झालेलं नाही," वासुदेव म्हणाला. "काल संध्याकाळी ती नळी माझ्या हातात होती."

गाडी बागेवरून जाणारच होती. वासुदेव उतरला, पंपाशेजारचा तेलाचा डबा घेतला, ढिगाखालून नळी ओढून काढली आणि दोन्ही घेऊन पुन्हा गाडीत बसला. मागच्या सीटवर लहानू सुकरीच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता. त्यानं पट्टीकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

त्याच संध्याकाळी लहानूचा पंजा मनगटापर्यंत उघडून आतलं तेल साफ करावं लागलं. चौथ्या दिवशी ते बोट काढावं लागलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी वासुदेवला बोलावून सांगितलं, "उद्यावर गेलं असतं तर पंजा गेला असता. लागल्या लागल्या आणलं असतं तर बहुतेक बोटही राहिलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वासुदेवला तो असता तर बरं वाटलं असतं.

सोसायटीची सभा भरली. वासुदेवनं नळी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर पट्टीचे वेढे एकेक करून सोडवले. आत तारा तुटलेल्या जागी ते भोक होतं. दुरून ते कुणाला दिसलंही नाही. माणसं एकेक करून जवळ आली आणि वाकून बघून गेली. वासुदेवनं संध्याकाळच्या पट्टीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं सांगितलं. फांद्यांच्या ढिगाचंही सांगितलं. यंत्राची किल्ली त्यानं स्वतः भास्करकाकांपुढं ठेवली. सगळ्या नळ्या बदलून होईपर्यंत, आणि यंत्राजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला सगळं शिकवून होईपर्यंत पंप सुरू करायचा नाही, असं सभेनं ठरवलं. काकांची बाग त्या वर्षी तशीच राहिली.

लहानू घरी आल्यावर वासुदेव पाड्यावर गेला. लहानू ओट्यावर बसला होता. हाताला जाड बँडेज होतं. सुकरीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली.

"लहानू, माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही," वासुदेव म्हणाला.

लहानूची नजर समोरच्या वाटेवर होती. तो म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलं म्हणून हात आहे. आधी सांगितलं असतं तर बोटही असतं. एक धरून दुसरं सोडता येत नाही मला. दोन्ही खरं आहे."

वासुदेव मान खाली घालून बसला. लहानूनंही त्याला जा म्हटलं नाही.

पाऊस लागला आणि भाताच्या लावणीचे दिवस आले. लहानूचं पाड्याखाली एक लहानसं खाचर होतं. एका हातानं त्याला रोपं लावता येत नव्हती. वासुदेव कुणी न बोलावता सकाळी गुडघाभर चिखलात उतरला. दुसऱ्या दिवशीही आला. लावणी त्याला नीट येत नव्हती. रोपं कुठं दाट पडत, कुठं विरळ. सुकरी त्याच्या मागून येऊन वाकडी रोपं उपटून पुन्हा लावी. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिनं रोपांची एक जुडी सोडवली, निम्मी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "दादा, माझ्या बाजूला उभे राहा. मी लावते तसं बघून लावा."

तात्पर्य: झिजलेली वस्तू झाकली म्हणून धड होत नाही, ती वेळीच बदलावी. आणि आपल्या चुकीनं दुसऱ्याला इजा झाली, तर खरं काय ते त्याच क्षणी सांगावं. उशीर जेवढा होतो, तेवढं दुसऱ्याचं नुकसान होतं.