नागसिरीचे माप

फार पूर्वी शूर्पारक नगरात एक वृद्ध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने खाडीकाठच्या एका मिठागरवाल्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव इसिपालित. वडिलांच्या मागे आगर त्याच्याकडे आले, आणि आगराबरोबर आगराच्या रीतीही आल्या.

त्यांतली एक रीत मापाच्या दिवसाची. थंडी ओसरून वाफ्यांत मीठ धरू लागले की प्रत्येक धनी आपल्या मजुरांतून एक मापकरी निवडी. त्या दिवशी मापकरी उजाडल्यापासून मावळेपर्यंत जेवढ्या टोपल्या मीठ राशीवर नेऊन टाकी, तेवढे त्या हंगामापुरते एका दिवसाचे काम ठरे. तेवढे भरले तर पुरते तांदूळ मिळत. कमी भरले तर त्या मानाने कमी. साहजिकच धनी सगळ्यांत दांडगा गडी निवडीत. त्याला तूपभात वाढीत, नवे धोतर देत, आणि गडी खूश होऊन असा धावे की बाकीच्यांच्या तोंडचे पाणी पळे. तो एक दिवस धावे, आणि सगळे आगर हंगामभर त्याच्या मागे धावत राही. दुसऱ्या दिवसापासून खुद्द त्यालाही स्वतःचे माप गाठवत नसे; पण तूपभाताची चव आठवून तो गप्प बसे.

इसिपालिताच्या आगरात हे काम पुसनक नावाच्या तरण्या गड्याकडे असे. त्या वर्षी मापाचा दिवस जवळ आला तेव्हा कारभारी सामक इसिपालिताकडे आला.

“धनी, या खेपेला नागसिरीला बोलावू नये म्हणतो. गेल्या हंगामात तिचं माप एकदाही भरलं नाही. अर्ध्या तांदळावर ती तरी किती दिवस काढील?”

नागसिरी एकटी बाई होती. नवरा समुद्रावर गेला तो परतला नव्हता, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी तिचे एकुलते मूल तापाने गेले होते. आगराखेरीज तिला दुसरे काम येत नव्हते. इथून काढली, तर भीक मागण्यावाचून तिला दुसरी वाट नव्हती. सामक दुष्ट नव्हता. त्याला फक्त भरलेल्या आणि न भरलेल्या टोपल्या दिसत.

इसिपालित बांधावर जाऊन बसला आणि नागसिरीकडे पाहत राहिला.

बांधाच्या कडेने तिवरांची रांग होती. कामावरच्या बाया त्या झाडांना लुगड्याच्या झोळ्या बांधून त्यांत लेकरे निजवीत आणि खाली वाफ्यांत उतरत. राशीकडे जाणारी वाट तिथूनच होती. नागसिरी डोक्यावर टोपली घेऊन येई. एखाद्या झोळीतून कुरकुर ऐकू आली की तिचे पाय थांबत. एका हाताने टोपली सावरून दुसऱ्या हाताने ती झोळीला झोका देई आणि आतला आवाज निवेपर्यंत उभी राही. मूल उचलून मात्र घेत नसे. मग पुढची झोळी. खाली वाफ्यांतल्या बाया मान वर न करता लाकडी फळीने मीठ ओढीत राहत.

नागसिरी मागे पडते, हे सगळ्या आगराला ठाऊक होते. तिचा वेळ जातो कुठे, हे कोणी पाहिले नव्हते. ज्यांच्या टोपल्या त्यामुळे भरत होत्या, त्यांनीही नाही. आणि इतकी वर्षे धनी असून आपणही नाही, असे इसिपालिताच्या मनात आले.

संध्याकाळी तो सामकाला म्हणाला, “यंदा माप नागसिरी घालील.”

सामक हसला, मग धन्याचा चेहरा पाहून थांबला. “दया येत असेल तर तिला चार पसे तांदूळ जास्त द्या, धनी. त्यासाठी रीत कशाला मोडायची?”

“ते दान होईल, सामका. ती काम करते आहे.”

मापाच्या दिवशी आगरात जत्रेसारखी मजा होती. एरवी मापकऱ्याला ‘पळ, पळ’ म्हणून चिडवीत. आज सगळे उलटेच बोलत होते.

“काकी, माझा तूपभात गेला तो गेला,” पुसनक म्हणाला, “आता तुझ्या पायांना सांग, सावकाश होऊ दे.”

“बस की जरा, काकी. पाणी पी,” एक बाई म्हणाली. “प्यालीस? मग पुन्हा पी.”

“चूप बसा मेल्यांनो,” नागसिरी म्हणाली. “धन्याला बुडवायला निघालात होय?”

आणि तिने पदर खोचला. धन्याने आपल्यावर विश्वास टाकला, त्याचे नुकसान आपल्या पायी होऊ नये, एवढेच तिने मनाशी धरले होते. ती ओठ मिटून झपझप चालू लागली. झोळ्यांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. दुपारपर्यंत तिच्या टोपल्या पुसनकाच्या टोपल्यांच्या जवळ जाऊन पोचल्या. मजुरांची थट्टा मावळली. सामकाचा चेहरा खुलला.

तेवढ्यात पुसनकाची तान्ही लेक झोळीत रडू लागली. नागसिरी टोपली घेऊन झोळीजवळून पुढे गेली. रिकामी टोपली घेऊन परत आली, तरी पोर रडतच होती. नागसिरीची मान खाली गेली आणि पाय आणखी भरभर पडू लागले.

इसिपालित बांधावरून उठून तिच्या वाटेवर आला.

“नागसिरी, मूल रडतंय.”

“ऐकू येतंय, धनी.”

“मग?”

“आज मापाचा दिवस आहे.”

“म्हणूनच सांगतो, बाई. रोज करतेस ते आज केलं नाहीस, तर माप खोटं पडेल.”

नागसिरी उभी राहिली. मग तिने टोपली खाली ठेवली. झोळीशी गेली, झोका द्यायला हात लावला, आणि तसाच तो आत घालून तिने मुलीला उचलले. दोन वर्षांत तिने कोणाचे मूल उचलले नव्हते. पोर तिच्या खांद्याला लागून हुंदके देत देत निवली. नागसिरी तिवराच्या सावलीत बसली आणि बराच वेळ उठली नाही. वाफ्यांतल्या फळ्या थांबल्या होत्या. तिला हाक मारावी असे कोणालाच वाटले नाही, सामकालाही नाही.

मावळतीला तिने शेवटची टोपली राशीवर टाकली. तेवढे माप त्या वर्षी ठरले. त्याहून जास्त वाहील त्याला जास्त तांदूळ, असेही इसिपालिताने सांगून टाकले.

शेजारच्या आगराचा धनी हसून म्हणाला, “काय इसिपालिता, गडी मिळाला नाही म्हणून मापाला अंगाई लावलीस काय?”

“मिळाली ती चांगली मिळाली,” इसिपालित म्हणाला.

त्या हंगामात त्याची रास शेजाऱ्याच्या राशीपेक्षा ठेंगणीच राहिली. पण शेजारचे मजूर माप भरावे म्हणून फळी खोल दाबीत, तेव्हा मिठाबरोबर तळाचा चिखलही वर येई. गलबतांचे व्यापारी तिथले करडे मीठ चिमटीत घेऊन पाहत आणि पुढे इसिपालिताच्या पांढऱ्या राशीपाशी थांबत. त्याला फार नफा झाला असे नाही. हंगाम निभावला, आणि कोणाचे तांदूळ कापावे लागले नाहीत. पुढल्या वर्षी शेजाऱ्याने मापकरी निवडताना आपला सगळ्यांत दांडगा गडी वगळला. आगर सोडून जायला निघालेली त्याच्या मजुरांची काही घरे तेवढ्याने राहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. एक वृद्ध भिक्षू अर्धेच अंगण झाडतो आणि भिक्षेचा वाटा मात्र पुरता घेतो, अशी तक्रार एका तरुण भिक्षूने केली होती. झाडता झाडता तो म्हातारा आजारी भिक्षूंच्या दाराशी थांबतो आणि त्यांना पाणी पाजतो, हे त्याने पाहिले नव्हते.

“तेव्हाचा सामक तो तू,” शास्ते त्याला म्हणाले. “पुसनकाची लेक आज त्या कोठडीत आजारी पडलेला भिक्षू आहे. नागसिरी म्हणजे हा वृद्ध भिक्षू, आणि मिठागराचा धनी मीच होतो.”

वृद्ध भिक्षूने हात जोडले आणि तो पाण्याचे भांडे घेऊन उठला. तरुण भिक्षूने उरलेले अंगण झाडायला घेतले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा सद्गुण, पाळली, ती मैत्रीची, जीवमात्राविषयीच्या सद्भावाची.